गोदामाचा निर्णय आणि ‘हाय्स’: मुक्तस्रोत ब्रांच-अँड-बाउंड सॉल्व्हर वापरण्याची सविस्तर पद्धत

पुण्याच्या परिघावर माल साठवून शहरात वाटप करणाऱ्या घाऊक वितरकापुढे प्रत्येक भाडेकराराच्या वेळी एकच प्रश्न उभा राहतो. गोदाम एक घ्यावे, दोन घ्यावीत की तीन, आणि कोणत्या भागाचा माल कोणत्या गोदामातून निघावा? गोदामे कमी घेतली तर टेम्पोच्या फेऱ्या लांबतात आणि जास्त घेतली तर भाडे वाढते. ‘घ्यायचे किंवा नाही’ अशा निर्णयात अर्धे गोदाम घेता येत नसल्यामुळे साधे रेषीय गणित इथे पुरत नाही आणि पूर्णांकांची अट घालणारा सॉल्व्हर, म्हणजे अटींमध्ये बसणारे सर्वांत स्वस्त उत्तर शोधणारा प्रोग्राम, लागतो. असा सॉल्व्हर आज विनामूल्य आणि खुल्या परवान्यावर मिळतो. मात्र तो किती वेळात उत्तर देईल हे संगणकाच्या ताकदीपेक्षा आपण अटी कशा लिहिल्या यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच पुढे स्थापनेच्या पायऱ्यांपेक्षा मॉडेलच्या मांडणीला जास्त जागा दिली आहे.

लायब्ररी कोणती घ्यावी

मुक्तस्रोत जगात या कामासाठी चार नावे प्रामुख्याने समोर येतात. ‘जीएलपीके’ हा ग्नू प्रकल्पातील जुना सॉल्व्हर असून तो जीपीएल परवान्याखाली मिळतो. ‘सीबीसी’ हा कॉइन-ओआर या समूहातील सॉल्व्हर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे आणि पायथनमधील ‘पल्प’ या लायब्ररीसोबत तो अनेक वर्षे आपोआप येत असल्यामुळे नकळत पुष्कळांनी वापरलेला असतो. बर्लिनच्या झूझे संस्थेत वाढलेला ‘स्किप’ २०२२ पासून अपाची परवान्यावर उपलब्ध आहे. चौथा ‘हाय्स’. तो एडिनबरो विद्यापीठात आकाराला आला आणि एमआयटी परवान्यावर मिळतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाय्स घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा परवाना इतका मोकळा आहे की हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीने तो आपल्या विक्रीच्या उत्पादनात घातला तरी स्वतःचा कोड उघड करावा लागत नाही. मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की पुरते. शिवाय पायथनमधील ‘सायपाय’ या वैज्ञानिक लायब्ररीने २०२२ च्या १.९ आवृत्तीत आणलेले ‘मिल्प’ हे फंक्शन आतून हाय्सच वापरते, त्यामुळे ज्यांच्या संगणकावर सायपाय आहे त्यांच्याकडे हा सॉल्व्हर आधीच पोहोचलेला आहे. मात्र मिल्पमध्ये वेळमर्यादा, नोडमर्यादा (शोध किती टप्प्यांपर्यंत चालवायचा), प्रीसॉल्व्ह (सोडवण्यापूर्वी प्रश्न लहान करणे) आणि सापेक्ष अंतर (हाती आलेले उत्तर आणि सीमा यांतली चालेल इतकी तफावत) असे मोजकेच पर्याय बदलता येतात. गंभीर कामासाठी थेट ‘हाय्सपाय’ हे पायथन पॅकेज वापरणे सोयीचे पडते.

प्रश्न आधी कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी प्रश्न कागदावर पूर्ण लिहून काढावा. आपण एक लहान उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजण्यासाठी कल्पिलेले असून सर्व रक्कम महिन्याला हजार रुपयांत आहे. प्रत्येक ओळीत गोदामाचे भाडे आणि त्या गोदामातून चार भागांना माल पोहोचवण्याचा खर्च दिला आहे.

चाकण: भाडे ३०, पिंपरी २४, हडपसर ६८, कोथरूड ६४, खराडी ५२.
वाघोली: भाडे ३६, पिंपरी ५४, हडपसर ३०, कोथरूड ६०, खराडी १६.
नऱ्हे: भाडे ३२; पिंपरी ५२, हडपसर ४०, कोथरूड २०, खराडी ५६.

यात दोन प्रकारचे चल, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायच्या राशी, आहेत. प्रत्येक गोदामासाठी एक ‘उघड’ चल असतो. गोदाम घेतले तर त्याची किंमत १, नाही तर ०. प्रत्येक गोदाम-भाग जोडीसाठी एक ‘वाटा’ चल असतो आणि त्या भागाच्या मागणीचा किती हिस्सा त्या गोदामातून गेला हे तो सांगतो. म्हणजे ३ आणि १२ मिळून १५ चल झाले. नवशिक्या माणसाचा कल सगळेच चल पूर्णांक घोषित करण्याकडे असतो, पण इथे त्याची गरज नाही. कोणती गोदामे उघडी आहेत हे ठरले की प्रत्येक भाग आपोआप सर्वांत स्वस्त उघड्या गोदामाकडे जातो, म्हणून वाट्यांचे १२ चल साधे ठेवून केवळ ३ चल पूर्णांक ठेवावेत. गोदामांना क्षमतेची मर्यादा असेल आणि तरीही एका भागाला एकाच गोदामातून माल जावा असा आग्रह असेल, तरच वाटे पूर्णांक करावे लागतात.

पहिली अट उघड आहे: प्रत्येक भागाच्या वाट्यांची बेरीज १ असावी. दुसरी अट म्हणजे बंद गोदामातून माल निघू नये, आणि ती दोन प्रकारांनी लिहिता येते. पहिल्या प्रकारात प्रत्येक गोदामासाठी एकच ओळ असते: त्या गोदामाच्या चारही वाट्यांची बेरीज त्याच्या ‘उघड’ चलाच्या ४ पटींपेक्षा जास्त नसावी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र ओळ असते: तो वाटा त्या गोदामाच्या ‘उघड’ चलापेक्षा जास्त नसावा. पहिल्यात ३ ओळी होतात, दुसऱ्यात १२. चल ० किंवा १ असतील तेव्हा दोन्हींचा अर्थ तंतोतंत एकच होतो, म्हणून ओळी वाचवण्यासाठी बहुतेक जण पहिला प्रकार निवडतात. सॉल्व्हरच्या दृष्टीने मात्र या दोन मांडण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो हाताने गणित करून पाहण्यासारखा आहे.

झाड हाताने वाढवून पाहू

ब्रांच-अँड-बाउंडची पद्धत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तिचे आजचे नाव १९६३ मध्ये लिटल, मूर्ती, स्वीनी आणि कॅरेल यांच्या फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावरील लेखातून रूढ झाले. पद्धत अशी आहे. आधी पूर्णांकाची अट काढून टाकून शिथिल केलेला रेषीय प्रश्न सोडवायचा. अट काढल्यामुळे त्याचा खर्च खऱ्या उत्तराहून कधीच जास्त नसतो, म्हणून तो खालची सीमा देतो. एखादा ‘उघड’ चल अपूर्णांकात आला तर त्याला ० आणि १ धरून दोन फांद्या करायच्या; अशा झाडातल्या प्रत्येक प्रश्नाला नोड म्हणतात. जिथे फांदीची खालची सीमा हाती असलेल्या सर्वोत्तम पूर्णांक उत्तराइतकी किंवा त्याहून जास्त होते, तिथे ती फांदी छाटायची.

आता तीन ओळींची मांडणी घेऊ. शिथिल प्रश्नात सॉल्व्हर प्रत्येक भागाला त्याच्या सर्वांत स्वस्त गोदामातून माल देतो आणि भाडे मात्र तुकड्यातुकड्याने मोजतो: चाकण ०.२५, वाघोली ०.५, नऱ्हे ०.२५. वाहतूक ९० आणि भाडे ३३.५ मिळून खालची सीमा १२३.५ येते. वाघोलीवर फांद्या केल्या तर ‘वाघोली नाही’ या बाजूला १६७ आणि ‘वाघोली आहे’ या बाजूला १४१.५ मिळतात. दुसऱ्या बाजूला नऱ्हेवर फांद्या केल्या तर नऱ्हे नसताना १७३.५ आणि असताना १६५.५. या शेवटच्या नोडखाली चाकणवर फांद्या केल्यावर चाकणशिवाय १८६ आणि चाकणसह १८८ अशी पहिली पूर्णांक उत्तरे हाती येतात. १८६ हेच इष्टतम, म्हणजे सर्वांत कमी खर्चाचे, उत्तर आहे, पण सॉल्व्हरला ते अजून ठाऊक नसते. १७३.५ आणि १६७ या दोन्ही सीमा १८६ च्या खाली असल्यामुळे त्या फांद्या छाटता येत नाहीत. पहिलीखाली दोनदा १९६ निघते. दुसरीखाली नऱ्हे नसताना २३८ आणि नऱ्हे असताना १७९.५ अशी सीमा येते, आणि ती फोडल्यावर २०० आणि १९८ मिळतात. तीन गोदामांतून किमान एक निवडण्याच्या एकूण ७ शक्यता आहेत आणि १३ नोडचे हे झाड त्या सातही शक्यतांपर्यंत जाऊन आले. म्हणजे छाटणीचा प्रत्यक्षात काहीच उपयोग झाला नाही.

बारा ओळींच्या मांडणीत वाटा पूर्ण असेल तर गोदामही पूर्ण घ्यावे लागते, त्यामुळे भाड्याचे तुकडे पाडता येत नाहीत. तिचा शिथिल प्रश्न सोडवला की पहिल्याच फटक्यात वाघोली १, नऱ्हे १, चाकण ० आणि खर्च १८६ येतो. एकही फांदी लागत नाही. हे उत्तर खरोखर किमान आहे याची खात्री द्वैत प्रश्नातून, म्हणजे त्याच गणिताच्या उलट्या बाजूने खालची सीमा काढणाऱ्या जोडप्रश्नातून, पटते. पिंपरीला ५२, हडपसरला ४०, कोथरूडला ५२ आणि खराडीला ४२ अशा ‘किमती’ लावल्या, तर त्यांपैकी वाहतूक खर्चाच्या वर उरणारा भाग वाघोलीत नेमका ३६, नऱ्हेत नेमका ३२ आणि चाकणमध्ये २८ होतो. तो कुठेही भाड्यापेक्षा जास्त नाही आणि किमतींची बेरीज १८६ आहे, म्हणून १८६ च्या खाली कोणतेही उत्तर जाऊ शकत नाही.

इतक्या लहान प्रश्नात प्रीसॉल्व्ह, छेद (सीमा घट्ट करणाऱ्या जादा अटी) आणि ह्युरिस्टिक (चांगले उत्तर पटकन शोधणाऱ्या युक्त्या) यांच्या जोरावर हाय्स कमकुवत, म्हणजे तीन ओळींची, मांडणीही क्षणात संपवील. पण ५० गोदामे आणि ४०० दुकाने घेतली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. तिथे घट्ट, म्हणजे जोडीनिहाय ओळींच्या, मांडणीच्या २०,००० ओळी होतात, प्रत्येक रेषीय प्रश्न सोडवायला जास्त वेळ लागतो, आणि तरीही बहुतेक वेळा तीच मांडणी किफायतशीर ठरते, कारण नोडची संख्या कितीतरी पटींनी घटते. क्षमतेची अट असेल तर क्षमतेची ओळ आणि जोडीनिहाय ओळी दोन्ही ठेवाव्यात.

स्थापना आणि मॉडेल लिहिणे

पायथनचे स्वतंत्र आभासी वातावरण तयार करून त्यात ‘पिप’ या पायथनच्या पॅकेज-स्थापकाच्या साहाय्याने हाय्सपाय स्थापित करावे. नेहमीच्या विंडोज, लिनक्स आणि मॅक संगणकांसाठी तयार संकलित पॅकेज मिळत असल्यामुळे कंपायलरची गरज पडत नाही. कोडची रचना पुढीलप्रमाणे होते. प्रथम हाय्स वर्गाचा एक ऑब्जेक्ट बनवावा. ‘ॲडबायनरी’ने तीन गोदामांचे चल घालावेत आणि ‘ॲडव्हेरिएबल’ने बारा वाटे घालावेत, वाट्यांची खालची मर्यादा ० ठेवावी. ‘ॲडकॉन्स्टर’ने भागांच्या ४ आणि जोड्यांच्या १२ अटी जोडाव्यात. शेवटी भाडे आणि वाहतूक यांची बेरीज ‘मिनिमाइझ’ला द्यावी, म्हणजे सॉल्व्हर चालू होतो. उत्तर ‘व्हॅल’ने वाचता येते.

प्रत्येक चलाला आणि अटीला नाव द्यावे. पहिल्या दिवशी हे कंटाळवाणे वाटते. पण ‘राइटमॉडेल’ने मॉडेल एलपी या वाचता येण्याजोग्या मजकूर-फाइलमध्ये उतरवून वाचायला घेतले की ‘वाटा_वाघोली_खराडी’ असे नाव आणि निव्वळ क्रमांक यांतला फरक कळतो. मॉडेलमधली बहुतेक चूक, मग ती उलटे चिन्ह असो की गळालेला निर्देशांक, ही फाइल डोळ्यांनी वाचताना सापडते. म्हणून मोठ्या डेटावर जाण्यापूर्वी तीन-चार नोंदींचे मॉडेल असे उतरवून वाचणे ही पायरी कधीही गाळू नये.

लॉग कसा वाचावा

सॉल्व्हर चालू झाल्यावर पडद्यावर उमटणारा लॉग बरेच जण दुर्लक्षितात. माझ्या मते संपूर्ण कामातला तो सर्वांत बोलका भाग आहे. सुरुवातीला प्रीसॉल्व्हने किती ओळी आणि स्तंभ उरवले ते दिसते. नंतरच्या तक्त्यात किती नोड हाताळले, किती रांगेत आहेत, सर्वोत्तम सीमा, सर्वोत्तम उत्तर, त्यांच्यातले अंतर, छेदांची संख्या आणि वेळ हे स्तंभ असतात. डोळे ठेवायचे ते सीमा आणि उत्तर या दोन स्तंभांवर.

उत्तर बराच वेळ एका जागी थांबले आहे आणि सीमा मुंगीच्या पावलांनी वर येत आहे, असे चित्र असेल तर उत्तर बहुधा चांगलेच असते आणि सॉल्व्हर केवळ ते सिद्ध करण्यात गुंतलेला असतो. अशा वेळी मांडणी घट्ट करावी. याउलट सीमा चटकन स्थिरावली पण पूर्णांक उत्तरच मिळत नसेल, तर ह्युरिस्टिकला अधिक वाव द्यावा किंवा ‘सेटसोल्यूशन’ने आपल्या अनुभवातले एक वाटप सुरुवातीलाच द्यावे. गेल्या वर्षीची गोदामांची व्यवस्था हे असे तयार उत्तर असते. पहिल्या नोडवरचे अंतरच २५–३० टक्के असेल तर सॉल्व्हर थांबवून मॉडेलकडे परतावे. आपल्या उदाहरणात कमकुवत मांडणीचे मूळ नोडवरचे अंतर सुमारे ३३.६ टक्के होते.

थांबण्याची अट ‘मिप रेल गॅप’ या सापेक्ष अंतराच्या पर्यायाने ठरते. तिची मूळ किंमत ०.०००१, म्हणजे ०.०१ टक्का असते. डिझेलचा आणि फेऱ्यांचा अंदाज स्वतःच काही टक्क्यांनी चुकू शकत असेल तर इतक्या काटेकोरपणासाठी रात्रभर संगणक चालवण्यात अर्थ नाही. पण हा आकडा सैल करताना त्याचा रुपयांतला अर्थ आधी काढावा. आपल्या उदाहरणात २ टक्के सूट दिली तर १८८ हे उत्तरही ‘इष्टतम’ या शिक्क्यासह येऊ शकते, कारण १८६ पासून त्याचे अंतर जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आहे. ‘टाइम लिमिट’ मात्र नेहमी घालावी. वेळ संपल्यावर हाती असलेले उत्तर, सीमा आणि अंतर ‘गेटइन्फो’मधून मिळते आणि अनेकदा तेवढे पुरते.

मोठे गुणक आणि एकसारखे टेम्पो

‘गोदाम बंद असेल तर माल शून्य’ अशी अट लिहिताना १० लाखांसारखा एखादा भलामोठा गुणक ठोकून देण्याची सवय घातक आहे. पूर्णांकता तपासताना हाय्स ०.०००००१ इतकी सूट देतो, म्हणजे तेवढी किंमत असलेला ‘उघड’ चल शून्य मानला जातो. १० लाखांना या संख्येने गुणले की १ येतो: गोदाम बंद, भाडे जवळजवळ शून्य, आणि तरीही एक युनिट माल बाहेर पडला. सॉल्व्हरच्या नियमांप्रमाणे हे उत्तर वैध ठरते. म्हणून गुणक हा प्रत्यक्ष कमाल मर्यादेइतकाच असावा. गोदामात महिन्याला ८०० पेट्यांपेक्षा जास्त माल मावत नसेल तर तिथे ८०० लिहावे. असे केल्याने सीमाही घट्ट होते. टन आणि ग्रॅम एकाच मॉडेलमध्ये न मिसळता आकडे साधारण एका पट्टीत ठेवल्यास ही अडचण आणखी कमी होते.

दुसरा त्रास समरूपतेचा, म्हणजे अदलाबदल केली तरी फरक न पडणाऱ्या एकसारख्या गोष्टींचा. मॉडेलमध्ये १० एकसारखे टेम्पो घातले तर एकच वाटप टेम्पोंची अदलाबदल करून ३६,२८,८०० प्रकारे लिहिता येते, आणि झाडाला ते वेगवेगळे भासते. हाय्स काही समरूपता स्वतः ओळखतो, तरी ‘पहिला टेम्पो निघाल्याशिवाय दुसरा निघणार नाही’ अशा क्रमाच्या अटी घालाव्यात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे टेम्पो एकसारखेच असतील तर प्रत्येकाचा वेगळा चल न ठेवता प्रत्येक मार्गावर किती टेम्पो गेले हा एकच पूर्णांक चल ठेवावा.

उत्तरच नाही असे आले तर

‘इन्फीजिबल’ असा निकाल आला तर अटी एकेक करून काढत बसण्याऐवजी प्रत्येक भागाच्या मागणीच्या अटीत ‘न भागलेली मागणी’ हा जादा चल घालावा आणि उद्दिष्टात (ज्या खर्चाची बेरीज कमी करायची आहे तिच्यात) त्याला मोठा, पण अवाजवी नाही असा दंड लावावा. मॉडेल पुन्हा चालवले की हा चल ज्या भागात शून्याहून जास्त येईल तिथे अडचण आहे. बहुतेक वेळा कारण डेटात असते: एखाद्या भागाची मागणी पेट्यांऐवजी नगांत आलेली असते किंवा एखाद्या गोदामाची क्षमता रिकामी राहून शून्य झालेली असते.

निकालाची पडताळणी आणि दुसरे उत्तर

मिळालेल्या निकालाचा खर्च सॉल्व्हरबाहेर, साध्या एक्सेलमध्ये मूळ डेटावरून पुन्हा मोजावा. नंतर तेच मॉडेल एमपीएस या बहुतेक सॉल्व्हर वाचू शकतात अशा फाइलमध्ये उतरवून सीबीसीला द्यावे. दोघांचे इष्टतम मूल्य जुळले पाहिजे, निवड मात्र बरोबरीच्या उत्तरांमुळे वेगळी असू शकते.

मालकापुढे एकच उत्तर ठेवू नये, असा माझा आग्रह आहे. पूर्णांक प्रश्नात रेषीय प्रश्नासारखी छाया-किंमत (एखादी अट थोडी बदलली तर खर्च किती बदलेल हे सांगणारा आकडा) सरळ मिळत नाही, म्हणून ‘भाडे बदलले तर काय’ हे मॉडेल पुन्हा चालवूनच पाहावे लागते. आपल्या उदाहरणात नऱ्हेचे भाडे ३२ हजारांवरून ४२ हजारांपर्यंत वाढले तरी वाघोली आणि नऱ्हे हीच निवड टिकते; त्यापुढे नऱ्हे सोडणे स्वस्त पडते. चाकणच्या बाबतीत मात्र तराजू फार नाजूक आहे. तिथल्या जागामालकाने ३० हजारांच्या भाड्यात २ हजारांहून अधिक सूट दिली, तर तिन्ही गोदामे घेणे सर्वांत स्वस्त होते.

दुसऱ्या क्रमांकाचे उत्तर मिळवण्यासाठी मॉडेलमध्ये एकच ओळ वाढवावी: वाघोली अधिक नऱ्हे वजा चाकण हे १ पेक्षा जास्त नसावे. या ओळीमुळे पहिले उत्तर तेवढे बाद होते आणि बाकी सगळ्या शक्यता जशाच्या तशा राहतात. मॉडेल पुन्हा चालवल्यावर तिन्ही गोदामांचे १८८ चे उत्तर येते. महिन्याला २ हजार रुपये जास्त मोजून पिंपरीचा वाहतूक खर्च ५२ वरून २४ हजारांवर येतो आणि नऱ्ह्याहून पिंपरीपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या पूर्ण थांबतात. त्या फेऱ्यांमुळे माल उशिरा पोहोचल्याच्या तक्रारी येत असतील, तर त्यांची किंमत २ हजारांपेक्षा जास्त आहे की कमी, हे वितरकाने स्वतः ठरवून मगच भाडेकरारावर सही करावी.